नकटीला न आलेला वास

कारवण्याच्या मैदानावर कबड्डी ऐन रंगात आली होती. तळसुऱ्याचा चढाईवाला तीन गडी बाद करून मांडी थोपटत परत वळला, आणि तेवढ्यात तारका सारंगच्या गळ्यातला बिल्ला तापला. नुसता कोमट नाही हं, आत्ताच गाळलेल्या चहाच्या पेल्यासारखा! तिनं खाली पाहिलं तर हिरवा दिवा पिवळा झाला होता, आणि बघता बघता पिवळ्याचा केशरी.

मैदानात वेगळं असं काहीच दिसत नव्हतं. पंच शिट्टी फुंकत होता, लोक भेळ खात होते. तरी तारका खुर्चीवर चढली आणि समोरच्या गर्दीकडे बघून ओरडली, "केतकीवहिनी! तुमचा कुठला?"

"केशरी!" तळसुऱ्याच्या बायकांमधून केतकी पावसेनं हात हलवला. "दाबू?"

"दाबा!"

दोघींनी आपापल्या बिल्ल्यावर अंगठा टेकवला. खाडीच्या दोन्ही काठांवरचे भोंगे एकदम बोंबलले. पोलिसांची बोट आठ मिनिटांत लागली, आणि तोवर पहिले दगड पडलेच होते. एका पोराचं डोकं फुटलं, पंचाचे पुढचे दोन दात पडले. पण मैदानामागच्या तंबूत पोलिसांना चौदा कोयते, तीन तलवारी आणि सोड्याच्या बाटल्यांचं अख्खं पोतं सापडलं. मागल्या वर्षी याच सामन्यात पाच माणसं मेली होती. यंदा दोन दात!

तारकाला वाटलं, आता लोक तिला खांद्यावर घेऊन नाचतील. कसलं काय! तिचा सख्खा भाऊ मल्हारच कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला.

"झालं समाधान? चोवीस तास इंजिनं बंद. बाहेर बांगडा नुसता उकळतोय आणि आम्ही इथं माश्या मारत बसायचं."

"जिवंत बसशील ना, दादा."

"ऐका रे! तेराशेपंचवीसबाई बोलल्या!" सगळे खलाशी हसले, आणि तारकाही हसली, कारण मल्हार चिडला तरी त्याच्या गालाला खळी पडायचीच.

आता हे तेराशेपंचवीस म्हणजे काय ते सांगायला हवं. साल होतं २०४१. समुद्र तापत गेला, तसे बांगड्याचे थवे थंड पाण्याच्या शोधात भलतीकडेच सरकले आणि वर्षातून जेमतेम दोन महिने या खाडीच्या तोंडाशी यायला लागले. दक्षिण काठावर कारवणे, त्यांच्या छोट्या होड्या. उत्तर काठावर तळसुरे, त्यांचे प्रखर दिव्यांचे ट्रॉलर. मासा एक आणि खाणारी तोंडं दोन गावांची. आधी जाळी फाडली गेली, मग होड्या जळल्या, मग माणसं. तीन वर्षांत सव्वीस मेली. शेवटी करार झाला, आणि त्या करारात एक जुना ठराव घुसला. सन दोन हजारमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं केलेला, क्रमांक तेराशे पंचवीस. लढाई टाळायची असो की थांबवायची, बायका त्या टेबलावर बसायला हव्यात, असं तो म्हणायचा. देशोदेशींनी तेव्हा मान डोलावली होती. मान डोलावून चाळीस वर्षं झाल्यावर या खाडीत तो खरोखर लागू करायचं ठरलं. शांतता समितीत निम्म्या बायका. धोक्याची सूचना फक्त त्यांच्या हातात. दोन्ही काठांच्या दोन दोन बायकांना बिल्ले मिळाले. कारवण्यातून रेश्मा सारंग आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी तारका, कारण एक जागा तरुण मुलीसाठी राखीव होती. तळसुऱ्यातून केतकी पावसे आणि तिची म्हातारी सासू. अंगठा दोन काठांचा लागायचा. एकाच गावाच्या बायकांनी कितीही दाबलं तरी काही व्हायचं नाही. आणि दोन अंगठे पडले की दोन्ही गावांच्या सगळ्या बोटींची इंजिनं जागच्या जागी बंद.

आणि नकटी? नकटी म्हणजे यंत्राचं नाक. जेटीवर, मैदानात, देवळासमोर खांबांवर बसवलेल्या पत्र्याच्या डब्या. प्रत्येक बोटीतही एकेक, इंजिनाच्या कुलपाला जोडलेली. माणूस घाबरला किंवा भडकला की त्याचे स्नायू आवळतात, काळीज धावतं, आणि उच्छ्वासातून आयसोप्रीन नावाचा वायू जास्त बाहेर पडतो. सिनेमागृहाची हवा मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीच कळलं होतं. पडद्यावर जीव टांगणीला लागला की प्रेक्षागृहातला हा वायू वाढायचा. नकटीच्या पोटात केसाहून बारीक हजारभर पापुद्रे होते, आणि प्रत्येक पापुद्रा वेगळा वास ओळखायचा. एकटा माणूस चिडला तर ती लक्षही द्यायची नाही. पण गर्दी हाणामारीच्या बेतात आली की शेकडो माणसं एकाच छातीनं घेतल्यासारखा श्वास घेऊ लागतात. तो ताल नकटीला दहा मिनिटं आधी कळायचा. म्हणून तर बिल्ला तापायचा.

मात्र एक गोष्ट करारात ठळक लिहिली होती. नकटी फक्त सांगेल. दाबायचं की नाही, ते बायका ठरवतील.

*

त्या सामन्यानंतर केतकीच्या नवऱ्यानं, दिगंबर पावसेनं, बायकोचा बिल्ला आपल्या खिशात टाकला. गावातला सर्वांत मोठा ट्रॉलर त्याचा. एक दिवस इंजिन बंद म्हणजे त्याचं तोंड चार दिवस कडू. "तुला कशाला दगदग? समितीत मीच बसत जाईन तुझ्या वतीनं. तू दुकान सांभाळ," म्हणाला. सासूबाईंचा बिल्ला तर पहिल्या दिवसापासून कपाटात होता.

"आणि तुम्ही दिलात?" तारका दोन दिवसांनी लिलावात किंचाळली.

"हळू बोल गो. मागितला नाही त्यानं. घेतला." केतकीनं सुरमईचं डोकं एका घावात उडवलं. "तुमच्याकडे काय वेगळं आहे? समितीची सभा कधी असते सांग बरं?"

"सात वाजता."

"सकाळी सात. आणि लिलाव?"

लिलाव सहा ते नऊ. दोन्ही गावांच्या झाडून साऱ्या बायका त्या वेळी या सामायिक जेटीवर, तळसुऱ्याच्या काठाला, गुडघाभर बर्फात उभ्या. देवळाच्या सभागृहात पंख्याखाली बसायला मोकळे ते फक्त पुरुष. सभेची वेळ पुरुषांनीच ठरवली होती, आणि कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं, हीच तर त्यातली गंमत! त्यांना खरंच वाटायचं की सात ही चांगली मोकळी वेळ आहे.

त्याच महिन्यात नकटीनं नवाच उच्छाद मांडला. पहाटे होड्या किनाऱ्यावरून पाण्यात ढकलायच्या तर वीस-पंचवीस माणसं एका दमात जोर लावतात. स्नायू आवळलेले, छाती धपापते, सगळ्यांचा श्वास एका तालात. नकटीला वाटायचं, आली दंगल! सलग तीन दिवस बिल्ला केशरी झाला. एकदा तर रेश्मानं झोपेतच घाबरून अंगठा टेकवला, नशीब की पलीकडून कुणी टेकवला नाही.

सभेत सगळे यंत्रवाल्या दामलेसरांवर तुटून पडले. "साहेब, होडी ढकलताना बाजूला इंजिन चालू असतं. डिझेलच्या धुरात कुणी धापा टाकत असेल तर तुमच्या बयेनं तिकडे दुर्लक्ष करावं, एवढं शिकवा तिला," दिगंबर म्हणाला. दोन्ही गावांचे पुरुष पहिल्यांदाच एका बाजूला होते. दामलेसरांना बरं वाटलं. नियमाप्रमाणे बायकांची संमती हवी, एवढंच ते म्हणाले.

मग एक कारकून टॅबलेट घेऊन जेटीवर आला. तारका तेव्हा पापलेटाची बोली बोलत होती. समोर दोन व्यापारी भिडले होते, एक आकडा चुकला तर सगळं मुसळ केरात.

"इथं अंगठा, ताई."

"कशाचा?"

"सभेचा वृत्तान्त. नेहमीचाच."

तारकानं खवल्यांनी माखलेला अंगठा ओढणीला पुसला, पडद्यावर टेकवला, आणि त्याच श्वासात पुढची बोली ओरडली. केतकीच्या वतीनं दिगंबरनं आधीच संमती दिली होती.

नकटी शहाणी झाली. डिझेलचा वास आला की ती डोळे मिटून घ्यायला शिकली.

*

प्रणय भाटकर बावीस वर्षांचा होता. मल्हारचा जिवलग. दोघं एकाच बाकावर बसून दहावी नापास झाले होते आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. त्याची होडी रविवारी संध्याकाळी एका ट्रॉलरच्या दिव्यांच्या झोतात आली. ट्रॉलर थांबला नाही. होडीचे दोन तुकडे झाले, आणि ट्रॉलरच्या पंख्यात सापडलेला प्रणय जाळ्यातून वर काढला तेव्हा त्याच्या आईला त्याचं तोंड बघू दिलं नाही कुणी.

"अपघात," तळसुऱ्याहून निरोप आला. ट्रॉलर दिगंबरचा होता.

मल्हारनं प्रणयला उचलून वाळूवर ठेवलं. त्याचा सदरा छातीपासून पायापर्यंत लाल झाला होता. तो रडला नाही, ओरडला नाही. तारकाला वाटलं, ओरडला असता तर बरं. तो घरी आला, नळाखाली हात धुतले, परत धुतले, आणि तिसऱ्यांदा धुताना म्हणाला, "तारके, मंगळवारी लिलावाला जाऊ नकोस."

"का?"

"सांगितलं ना. नको जाऊस."

"दादा, काय करणार आहात तुम्ही?"

"आम्ही? आम्ही मासे धरणार." तो हसला, पण खळी काही दिसली नाही.

मंगळवारी पहाटे घरातून बाहेर पडताना आईनं तिचा हात धरला. "डोकं दुखतंय म्हण ना गो. एक दिवस."

"आये, तुला माहीत आहे काय आहे ते?"

रेश्मानं मान वळवली. चुलीवर काही नसताना ती चुलीत फुंकर घालत बसली. तिचा बिल्ला देवाच्या फोटोमागं होता, हळदीकुंकवाचे ठिपके लावून ठेवलेला.

तारका गेली. वाटेत दहा वेळा बिल्ला पाहिला. हिरवा. देवळासमोर हिरवा, तरीच्या होडीतून खाडी ओलांडताना हिरवा, जेटीवर तर पोपटी म्हणावा इतका हिरवा. मशीन खोटं थोडंच बोलतं! ती स्वतःला हेच बजावत राहिली.

पण जेटीवर कारवण्याची एकही बाई आली नव्हती. तळसुऱ्याच्या चाळीसेक बायका बर्फाच्या शेडमध्ये मासळी निवडत होत्या, आणि त्यांच्यात तारका एकटीच.

"तुझी माणसं कुठायत गो?" केतकीनं विचारलं.

"वहिनी, दादा म्हणाला आज येऊ नको."

केतकीच्या हातातली कोयती थांबली. "मग दाबूया."

"हिरवा आहे की!"

"मरू दे तो हिरवा! चाळीस बायका घरी बसल्यात त्या उगाच?" तिचा हात सवयीनं गळ्याशी गेला आणि ती एकदम खचल्यासारखी म्हणाली, "माझा त्याच्या खिशात आहे."

दिगंबरचा ट्रॉलर जेटीलाच बांधलेला होता. केतकी तिकडे धावली, आणि त्याच क्षणी कारवण्याच्या पहिल्या चार होड्या वळणावरून आत आल्या. रोजच्यासारख्या. तांडेल सुकाणूवर, खलाशी पुढे, मागं डिझेलचा निळा धूर.

पहिली बाटली दिगंबरच्या जाळ्यांवर फुटली.

जाळी भपकन पेटली. नायलॉन जळताना थेंब थेंब गळतं, आणि ते जळते थेंब खाली बसलेल्या खलाश्याच्या पाठीवर पडले. तो किंचाळत पाण्यात गेला. दुसरी बाटली शेडच्या पत्र्यावर, तिसरी दाराशी. शेडचं दार एकच होतं. चंपाकाकी नावाची म्हातारी दाराशीच बसायची, कोळंबी सोलत. तिचा पदर पेटला, आणि ती उठून आतल्या बायकांच्या दिशेनं धावली, कारण बाहेर आगच होती. होड्यांमधून माणसं उड्या टाकत वर आली. हातात वल्ही, लोखंडी आकडे. तळसुऱ्याचा एक पोरगा पुढं झाला तर आकडा त्याच्या गळ्याखाली घुसला आणि तो होता तिथंच खाली बसला, जणू दमला होता.

बिल्ला हिरवा. तारका त्याच्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. हवेत पेट्रोल, जळकं मांस आणि डिझेल. डिझेल! तिच्या डोक्यात एकदम तो टॅबलेट आला, तो खवल्यांचा अंगठा. नेहमीचाच वृत्तान्त, ताई.

"अगो तू इथं काय करतेस?" कुणीतरी गरजलं. काशीकाका. शेजारच्या घरातले, तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत नेणारे. "पळ! मल्हार येतोय मागनं!"

तिनं खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं वाळूचा दांडा आहे. ओहोटीला त्यावर लाटा फुटतात आणि होडी पूर्ण जोरात हाकली तरच पार होते. लाल पट्ट्याची होडी त्या दांड्याकडे येत होती. होडी पाण्यात खोल बसली होती, कारण तिच्यात सहा निळे ड्रम होते. पेट्रोलचे. तारकाला सगळं लख्ख दिसलं. बाटल्या ही नुसती सुरुवात होती. ते ड्रम जेटीखाली लावले की जेटी, ट्रॉलर, शेड, शेडमधल्या बायका, काही काही उरणार नव्हतं.

ट्रॉलरवर दिगंबर दोर तोडत होता. इंजिन सुरू झालं होतं. केतकी त्याच्या अंगावर धावून गेली.

"बिल्ला द्या!"

"खुळी झालीस? इंजिन बंद पडलं तर इथंच जळू! आधी बाहेर निघू दे!"

"शेडमध्ये तुमची आई आहे!"

तो क्षणभर थबकला. मग त्यानं तिला ढकललं. ती मागच्या लोखंडी रहाटावर आपटली, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. ती उठली तेव्हा तिच्या हातात मासा ओढायचा आकडा होता. तिनं तो दिगंबरच्या दंडात घातला. पूर्ण. तो ओरडत गुडघ्यावर आला तसा तिनं त्याच्या खिशात हात घातला, आणि रक्तानं बरबटलेला बिल्ला काढून त्यावर अंगठा दाबला.

"तारका! माझा पडला! दाब!"

तारकाच्या गळ्यातला बिल्ला टिकटिकायला लागला. तीस सेकंद. एक अंगठा पडला की दुसऱ्याला तेवढाच वेळ मिळतो.

लाल पट्ट्याची होडी पहिल्या लाटेवर चढत होती. सुकाणूशी उभा असलेला मल्हार तिला ओळखू आला, त्याच्या उभं राहण्याच्या ढबीवरून. आत्ता इंजिन बंद पडलं तर होडी लाटेला आडवी होणार. आडवी झाली की संपलं. हे तिला तिसरीत असताना कळलं होतं, आणि शिकवलं होतं मल्हारनंच, वाळूत होडी काढून.

एक मिनिट थांबलं तर तो दांडा ओलांडेल. पण मग ते ड्रमही ओलांडतील.

शेडमधून बायकांचा आवाज येत होता. तो आता ओरडण्यासारखाही राहिला नव्हता.

"तारका!"

ती सव्वीस मोजून झाली होती. तिनं अंगठा टेकवला.

खाडी एकदम मुकी झाली. इतकी इंजिनं एका क्षणात थांबली की लाटांचा आवाज जेटीपर्यंत आला. लाल पट्ट्याची होडी लाटेच्या माथ्यावर डुलली, हळूहळू वळली, आडवी झाली. दुसऱ्या लाटेनं ती उलटली. निळे ड्रम माणसांवरून घरंगळत पाण्यात पडताना तारकानं पाहिले. तिनं डोळे मिटले नाहीत.

"काय केलंस गो? काय केलंस?" काशीकाकांनी हातातलं वल्हं तिच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, दुखलं मात्र नंतर. ते दुसऱ्यांदा वल्हं उचलत होते तेवढ्यात केतकीनं बर्फाचं घमेलं त्यांच्या तोंडावर फेकून मारलं, आणि मग दोघी मिळून, एक तुटक्या खांद्यानं आणि एक रक्ताळलेल्या डोळ्यांनी, शेडचा मागचा पत्रा कोयतीनं उचकटायला लागल्या.

अडतीस बायका बाहेर आल्या. केतकीची सासू त्यांच्यात होती. चंपाकाकी नव्हत्या.

पोलीस आठ मिनिटांनी आले. मल्हार दुपारी भरतीबरोबर आला.

*

रेश्मा तेरा दिवस बोलली नाही. तारकाच्या झोळीत अडकवलेल्या हाताला ती तेल लावायची, तिला भात कालवून द्यायची, पण नजर भिंतीवर. शेजारीपाजारी मात्र बोलायचे. भाऊमारी म्हणायचे. अंगणात रोज सकाळी कुजलेल्या माशांचा ढीग असायचा. तारका तो एका हातानं उचलायची.

चौदाव्या दिवशी समितीची सभा लागली. देवळात, सकाळी सात.

"मी जाणार आहे," तारका म्हणाली. "काढून टाकणार आहेत मला. तोंडावर काढू देत."

आई चुलीपाशीच बसून राहिली. पण तारका देवळाशी पोचली तेव्हा तिला मागं पावलं ऐकू आली. रेश्मा होती. गळ्यात बिल्ला, त्यावर हळदीकुंकू तसंच. आणि आत आधीच केतकी बसली होती, कपाळावर नऊ टाके घालून. तिनं शेजारच्या दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. लिलाव त्या दिवशी पुरुषांनी केला, आणि म्हणे भयंकर केला.

सभेत आरडाओरडा झाला. पोरीला काढा, नकट्या उपटून समुद्रात फेका. जामिनावर सुटलेले काशीकाका सुजलेल्या तोंडानं सर्वांत मोठ्यानं ओरडत होते. दामलेसर हातातला टॅबलेट छातीशी धरून कोपऱ्यात उभे होते. त्यांची बोलायची वेळ आली तेव्हा ते दोन पावलं पुढं आले.

"चूक माझी आहे. मी इथं बसलेल्यांना विचारलं, जेटीवर जाऊन विचारलं नाही. पण एक मार्ग आहे. त्या दिवशी बोटींतल्या डब्यांनी सगळ्यांचे श्वास नोंदवलेत. डिझेलसकट. त्यावरून यंत्राला शिकवता येईल की होडी ढकलणाऱ्याचा दम कुठला आणि चाल करून जाणाऱ्याचा कुठला. फक्त ज्याचा श्वास त्याची परवानगी लागते. तो हयात नसेल तर आईवडिलांची."

"आमचा श्वास आमचा!" काशीकाका उसळले. "उद्या कोर्टात दाखवाल." आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

"मल्हारचा घ्या," रेश्मा म्हणाली.

तेरा दिवसांतले तिचे हे पहिले शब्द.

दामलेसर खुर्चीच्या कडेवर बसले. "मावशी, परवानगी देण्याआधी तुम्हाला एक सांगायला हवं. मल्हारच्या श्वासाची रेघ इतरांपेक्षा वेगळी आहे. दांड्याशी येईपर्यंत ती चढत होती. आणि मग इंजिन बंद होण्याच्या वीस सेकंद आधी ती उतरायला लागली. झपाट्यानं. त्यानं इंजिनाचा वेगही कमी केला होता, तशी नोंद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे का, ते यंत्र सांगू शकत नाही. कदाचित लाट मोठी वाटली असेल. कदाचित जेटीवर कोण उभं आहे ते दिसलं असेल."

तारकाला वाटलं, कुणीतरी तिच्या मोडक्या हाडावर परत वल्हं घालतंय. वीस सेकंद. ती मोजत होती तेव्हाच.

रेश्मानं पहिल्यांदा तिच्याकडे तोंड वळवलं. "तुला हे दिसत होतं?"

"नाही, आये."

"काय दिसत होतं?"

"ड्रम. दादा दिसत होता, आणि ड्रम. आणि मागं त्या ओरडत होत्या."

तिनं लेकीचा चांगला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, गच्च, दुखेल इतका. मग दामलेसरांकडे वळली.

"तिला, त्या तुमच्या नकटीला, आजवर कुणाचा राग उतरताना दाखवलात?"

दामलेसर गोंधळले. "नाही. आमच्याकडे फक्त चढतानाचेच नमुने आहेत. मारामारी होईपर्यंतचे."

"मग हा उतरतानाचा घ्या. पुढच्या खेपेला कुणाच्या पोराचा उतरत असला तर ओळखता यायला हवा. अंगठा दाबायच्या आधी." तिनं हात पुढं केला. "आणा ते परवानगीपत्र इकडे. आणि वाचून दाखवा मला. सगळं. पहिल्या ओळीपासून."

"मावशी, सहा पानं आहेत."

"बसलेय मी," रेश्मा म्हणाली.

दामलेसरांनी पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.